दोरीपलीकडची खुर्ची

अमेरिकेत लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांनी तिकडच्या जुन्या खुर्च्या हौसेने जमवून, पुढे दोरी बांधून, दिवाणखान्यात मांडल्यात. परवा मी आणि बायको त्या बघायला गेलो. एवढ्या खुर्च्या आणि बसायला एकही नाही, याचं मला हसूच आलं.

एका खुर्चीच्या पायांमधला आडवा दांडा मधोमध झिजला होता. "हा मी कधीच दुरुस्त करू देत नाही," आजोबा म्हणाले. किती दमलेल्यांनी तिथे टाचा टेकल्या असतील! आपल्याकडे जात्याचा खुंटा असाच गुळगुळीत होतो.

तेवढ्यात हिने गुडघा चोळला. आजोबांनी ते पाहिलं, दोरी सोडली आणि बसा म्हणून खूण केली. ही बसली. टाचा आपसूक त्या झिजलेल्या जागी टेकल्या.

आम्ही निघालो, तरी त्यांनी दोरी काही परत बांधली नाही.