दादांचा इको आणि दिलीपचा डबा

आमच्या गायन पार्टीतली माणसं एकत्र बसली की किस्से सांगावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात. दिलीपच्या वायरींच्या पिशवीसारखं आहे ते. एक वायर ओढावी तर तिच्यामागे चार गुंतून बाहेर येतात आणि हवी असलेली तळाशीच राहते. परवा शहापूरला एका हळदीत जुनी मंडळी भेटली आणि जेवणं आटोपून पंगत उठली तरी आमची वायर काही सुटली नाही.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. शांताराम दादा गायक. मिलिंद ढोलकीवर. मी, गौतम, बेंजोवर. आणि दिलीप, ज्याचं काम नेमकं काय ते आम्हाला कधीच एका शब्दात सांगता आलं नाही. लोकांना आम्ही सांगायचो, "हा लायटीचं बघतो." नव्वदच्या दशकात शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठेही जयंती असो, हळद असो, नाहीतर विहाराचं उद्घाटन असो, टेम्पोत बसून आम्ही हजर.

*

सुरुवात दादांच्या इकोपासून केली पाहिजे.

आमच्याकडे टेपवरची इको मशीन होती. माइकमधून आवाज आत गेला की मशीन तो टेपवर भरून घ्यायची आणि जरा वेळानं मागून परत द्यायची, एकदा, दोनदा, पाहिजे तितक्या वेळा. ही मशीन फक्त दादांची. मी एकदा बेंजो तिच्यात लावला, तर दादा भर कार्यक्रमात गाणं थांबवून म्हणाले, "माझ्या ताटात कोन जेवतंय?"

आणि कितीही इको दिला तरी दादांना कमीच. पहिलं कडवं संपलं की मागं वळायचे आणि माइक तोंडाशी तसाच धरून सांगायचे, "इको वाढव." ते सगळ्या गावाला ऐकू जायचं, तेही इकोसकट. पोरंसोरं तर दादा वळले की आधीच ओरडायची, "इको वाढव!"

टोकावड्याला एकदा दादांना ठसका लागला. त्यांनी माइकमध्येच पाणी मागितलं. इको पूर्ण चढवलेला. "पानी... पानी... पानी... पानी..." चार दिशांनी चार बाया तांबे घेऊन धावत आल्या. दादा चारही तांब्यांतलं घोट-घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "कुनाचं मन कशाला मोडायचं."

*

आता डबा.

दिलीप मुरबाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक मेंटेनन्सला होता. रोज शहापूरहून एसटीनं जायचा. कल्याणच्या रद्दीवाल्याकडून त्यानं परदेशी इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं आणली होती. त्यातली चित्रं बघून त्यानं सहा महिने खपून एक लाकडी पेटी तयार केली. पुढच्या फळीवर नुसती भोकं आणि बटणं. एक खण आवाज तयार करणार, दुसरा त्या आवाजाची धार कमीजास्त करणार, तिसरा दार उघडबंद करावं तसा तो बाहेर सोडणार. पण हे खण आतून एकमेकांना जोडलेले नाहीत. तुम्ही बाहेरून वायरी लावायच्या, जशा लावाल तसा आवाज. मोडक्या ऑर्गनच्या पट्ट्या काढून त्यानं सूर वाजवायची सोयही केली होती.

त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनीनं, तो वायरींचा गुंताडा पाहिला आणि म्हणाली, "घरात साधा फोन नाय, आनि यांनी अख्खं एक्स्चेंज आनलंय."

दिलीप त्याला सिंथेसायझर म्हणायचा. आम्ही डबा म्हणायचो. शेवटी तोही डबाच म्हणू लागला.

*

डबा एकटा वाजवला की सपाट वाटायचा. म्हणून दिलीपनं कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून गिटारचं जुनं पेडल मिळवलं. पायानं दाबायचं, आवाज पाण्यावरून आल्यासारखा हेलकावे घेतो. माझ्या बेंजोला ते झकास चाललं. मग शहापूरलाच एका हळदीत दिलीपनं डब्याची वायर थेट पेडलमध्ये खोचली.

जो आवाज निघाला तो भाताच्या गिरणीत खडा अडकल्यावर येतो तसा होता. नवरी हळदीच्या पाटावरून उठली. तिचा मामा बादलीभर पाणी घेऊन आमच्यावर धावून आला, कारण त्याला वाटलं मशीन पेटली. मिलिंदनं त्याला कसंबसं धरलं, पण अर्धी बादली माझ्या मांडीवर सांडलीच.

घरी जाताना टेम्पोत दिलीप पेडल मांडीवर घेऊन बसला. मग एकदम म्हणाला, "बेंजोचा करंट कसा, झऱ्याचं पानी. पेडल तेवढंच पितंय. आमी त्याच्यावर आख्खं धरन सोडलं."

आठवड्याभरात त्यानं डबा आणि पेडलच्या मध्ये एक छोटी डबी बसवली. तिच्यावर एकच बटण. खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडताना आपण बांधाला बेतानं तोंड पाडतो, तसं ते बटण आवाज बेतानं सोडायचं. त्या डबीचं नाव आम्ही 'बांध' ठेवलं. पेडलमधून बारीक झालेला आवाज परत डब्यात घ्यायचा तर उलटं काम, तिथं तो उचलून द्यावा लागतो. त्या डबीचं नाव 'पंप'. बाहेरचा कोणी वादक आमच्याबरोबर बसला आणि "जरा बांध उघड, पंप कमी कर," असं ऐकलं की त्याला आम्ही पाटबंधारे खात्यातले वाटायचो.

*

कसाऱ्याचा किस्सा मिलिंद फार रंगवून सांगतो, मी आहे तसा सांगतो.

तिथं वस्तीत लाइट गेलेली, म्हणून जनरेटर. डबा, पेडल, इको, मिक्सर, सगळं एकमेकांना जोडलं आणि चालू केल्याबरोबर भोंग्यातून घूंऽऽ असा आवाज. दिलीपनं अर्थिंग बदललं, वायरी बदलल्या, स्वतःची जागा बदलली. घूं काही जाईना. लोक येऊन बसलेले. दादांनी डोळे मिटून जरा वेळ ते ऐकलं आणि म्हणाले, "पेटीची पांढरी पाच हाय. ह्याच्यावरच गातो."

आणि गायले. त्या घूंलाच षड्ज धरून. मिलिंदनं ढोलकी चढवली, मी बेंजो जमवला. खोटं कशाला सांगू, इतका पक्का सूर कुठल्या पेटीवाल्यानंही आम्हाला कधी दिला नव्हता.

अडचण झाली ती जनरेटरमधलं पेट्रोल संपत आल्यावर. तो दमला, तसा घूं खाली सरकायला लागला. दादाही त्याच्याबरोबर खाली सरकले. बेंजोला सरकणं कुठलं जमतंय? मी मुकाट्यानं हात काढून घेतला. शेवटचं कडवं दादा इतक्या खर्जात गायले की एक आजी उठून म्हणाली, "आवो, त्यांना कुनीतरी बसवा खाली, घेरी आलीय त्यांना."

*

आणि मग दादांचा आवाज गेला.

आधी बसला, आम्हाला वाटलं सीझनचा ताण. मग मुंबईला मोठ्या इस्पितळात घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. पण गळ्यातून नुसती हवा यायला लागली, जवळ कान नेला तर कुजबूज कळायची. डॉक्टरांनी सांगितलं, याहून जास्त होणार नाही. मला फार वाईट वाटलं होतं, आजही ते आठवलं की वाटतं. लहानपणापासून ज्या आवाजामागे मी बेंजो धरला, तो आवाजच नाही म्हटल्यावर हाताला काम उरलं नव्हतं.

दादांच्या गावी, मुरबाडच्या अलीकडे, जयंतीला पहिलं गाणं दादांचंच असायचं. त्यांनी स्वतः रचलेलं. त्यांनी मला जवळ ओढून कानात सांगितलं, "यंदा दुसरा गायक बघा." आम्ही हो म्हणालो आणि बघितला नाही. बाकीचे कार्यक्रम आम्ही गाण्याशिवाय, नुसत्या वाद्यांवर काढायचो आणि दादा प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पोत येऊन बसायचे. स्टेजवर मागे खुर्ची टाकून टाळ्या द्यायचे. इको मशीन रिकामी पडली होती, पण तिच्यात काही लावायचं धाडस कोणी करत नव्हतं.

शेवटी दादांनीच एक दिवस डब्याची वायर उचलली आणि इकोत खोचली. दिलीप म्हणाला, "दादा, तुमचं ताट हाय ते." दादांनी हातानंच सांगितलं, जेवा.

*

त्या काळात दिलीपनं डब्यात नवा खण केला होता. ढोलकीच्या माइकला दुतोंडी वायर, एक तोंड मिक्सरला, एक त्या खणाला. ढोलकीवर थाप पडली की डब्याचं दार उघडणार आणि आवाज बाहेर येणार. जोराची थाप, दार जास्त उघडणार. हलकी थाप, थोडंच.

शहापूर तालुक्यातल्या एका गावात प्रमुख पाहुण्यांचं भाषण आमच्याआधी होतं. मिलिंद वडे खायला गेला होता. जाताना त्यानं ढोलकीचा माइक भाषणाच्या स्टँडला लावून ठेवला, कारण तोच हाताशी होता. पाहुणे त्याच माइकपुढे उभे राहिले. डबा एका सुरावर लावून ठेवलेला, बांध उघडा, पेडल चालू, इको चालू.

पाहुणे म्हणाले, "बंधूंनो." डबा म्हणाला, "व्वांऽऊं."

दिलीप वायर काढायला धावला, पण पाहुण्यांनी हात वर केला. त्यांना ते आवडलं होतं. "शिक्षण घेतलंच पाहिजे!" व्वांऽव्वांऽऊं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, जोर देण्यासारखं वाक्य नसलं तरी ते जोर देऊ लागले. पाणी योजनेची माहितीसुद्धा त्यांनी गर्जून सांगितली. खाली उतरल्यावर दिलीपला बाजूला घेऊन विचारलं, "हे मशीन सभांना मिळेल का हो?"

परतताना टेम्पोत आम्ही पोट धरून हसत होतो. दिलीप हसत नव्हता. तो म्हणाला, "डब्याला गला लागत नाय. नुसता जोर लागतो. हवेचा पन चालंल."

हसणं थांबलं. आम्ही तिघांनीही एकदम दादांकडे बघितलं. दादा बाहेर बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आम्ही दादांच्या घरी गेलो, तर दादा ऐकेनात. मला कान जवळ आणायला लावून कुजबुजले, "मेल्यावर वाजवा काय ती पिपानी."

अनुसयावहिनी, दादांच्या पत्नी, चुलीपुढे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात मला दम देताना लय जोर येतो. तोच तिकडं माइकात द्या, माझ्या कानाला तरी आराम."

दादा हसले. हसल्यावर घशातून फुस्स हवा निघाली, आणि दिलीपनं दादांपुढच्या माइकला आधीच जोडून ठेवलेला डबा बोलला, "ऊंव." दादा दचकले. मग त्यांनी मुद्दाम परत तसं केलं. मग जरा लांबवून केलं. मग बायकोकडे बघून केलं. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "झालं. आता गप नाय बसायचे."

तालीम अशी ठरली. सुराच्या पट्ट्या मी दाबायच्या. दादांच्या प्रत्येक हरकतीमागे इतकी वर्षं फिरलो होतो, कुठं वर जाणार, कुठं थांबणार, ते माझ्या बोटांना पाठ. दादांनी माइकमध्ये शब्द कुजबुजायचे. कुजबूज मिक्सरला जाऊ द्यायची नाही, ती फक्त डब्याचं दार उघडणार. सूर माझा, श्वास त्यांचा. पहिल्या दिवशी पंख्याचा वारा माइकवर आला आणि डबा स्वतःच गायला लागला. सुनंदावहिनीनं माइकला उशीतल्या स्पंजचा तुकडा बांधला, तेव्हा तो गप्प झाला.

*

जयंतीची संध्याकाळ. दादांचं गाव. दादा पुढे आले तसं सगळं पटांगण उठून उभं राहिलं, कारण आवाज गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. ते नुसते नमस्कार करून बसतील असं लोकांना वाटलं. दादांनी माइक हातात घेतला, दुसरा हात कानावर ठेवला.

दिलीपनं बांध थोडा उघडला. पेडलवर पाय दिला. मी पट्टी दाबली.

पहिली ओळ निघाली. शब्द नव्हते, पण शब्दांच्या जागा होत्या. दादा जिथं दमदार उचलायचे तिथं डबा उचलत होता, जिथं हळुवार सोडायचे तिथं सोडत होता. पटांगणात कोणाची मान हलेना. दुसरी ओळही तशीच गेली आणि मला वाटलं, लोकांना हे कळत नाहीये.

ध्रुवपदाची शेवटची ओळ दादा कधीच पुरी गायचे नाहीत. अर्ध्यावर थांबायचे, बाकीची गाव म्हणायचं. दादा थांबले. डबा थांबला. मग बायकांच्या बाजूनं अनुसयावहिनींचा आवाज आला, आणि त्यांच्यामागून सगळ्या गावानं ती ओळ उचलली.

पहिलं कडवं संपलं. लोक टाळ्या वाजवत होते, मिलिंद ढोलकीवर मान खाली घालून रडत होता. दादा मागं वळले, दिलीपकडे बघितलं, माइक तोंडाशी धरला. माझं बोट अजून पट्टीवरच होतं.

डबा म्हणाला, "ऊं-व्वं, व्वां-ऊंव."

दिलीपनं इकोचं बटण वाढवलं.