‘धोटा’ हे नाव कोणाचे

ते प्रकरण मनात आले की आजही मी खुर्चीतून उठतो आणि खोलीत फेऱ्या मारू लागतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या फायली केव्हाच मिटल्या. ही साध्या चोरीची फाईल मात्र मिटत नाही.

मी तेव्हा नागपुरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी संपली आणि ठाणे अंमलदाराने एका गृहस्थाला आत पाठवले. वय पन्नाशीच्या आसपास, केस लांब, डोळे तारवटलेले. वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या कॉलेजांमध्ये गाजलेल्या एका रॉक बँडचा तो गायक. माणसांची नावे मी देणार नाही, पण बँडचे नाव सांगावेच लागेल, कारण सारा वाद त्याचाच होता. नाव होते ‘धोटा’. हातमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो, तो धोटा.

बँड फुटून बरीच वर्षे झाली होती. आता गायक त्याच नावाने नवा अल्बम काढत होता. शनिवारी प्रकाशन आणि गुरुवारी सकाळी हार्ड डिस्क गायब. प्रताप नगरातल्या त्याच्या घरामागच्या सरावाच्या खोलीतून ती गेली होती. तिच्यात दोन वर्षांचे रेकॉर्डिंग होते आणि पूर्ण झालेल्या अल्बमची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कुलूप शाबूत होते. महागड्या गिटारी, लॅपटॉप, माइक, सगळे जागच्या जागी.

“चाव्या किती?” मी विचारले.

“दोन. एक माझी, एक ड्रमरची. कुलूप जुनंच आहे साहेब, बदललंच नाही.”

हा ड्रमर म्हणजे बँडमधला त्याचा जुना सोबती. ‘धोटा’ हे नाव माझे आहे, ते वापरू नये, अशी नोटीस त्याने महिन्याभरापूर्वीच वकिलामार्फत धाडली होती. दुपारच्या आत सीताबर्डीतल्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. ड्रमर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “या नावानं अल्बम निघूच देत नाही.”

चावी, वाद आणि धमकी. मला आणखी काही नको होते. वरिष्ठांचे फोन येत होते, वार्ताहर बाहेर उभे होते. ड्रमरचा सीताबर्डीत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा छोटा ठेला होता आणि आठवड्यातून तीन दिवस तो एका शाळेत मुलांना ड्रम शिकवी. साध्या वेशातला माणूस पाठवून त्याला बोलावता आले असते. मी गणवेशातले दोन शिपाई पाठवले, भर बाजारात, गर्दीच्या वेळी.

त्याने न विचारताच खिशातली चावी काढून माझ्या टेबलावर ठेवली. “हे घ्या. दहा वर्षं झाली, त्या खोलीत पाय नाही ठेवला.”

“डिस्क कुठे आहे?”

“मले माहीत नाही.”

चार तास मी तेच विचारत होतो. कधी दरडावून, कधी चहा पाजून. पंखा गरम हवा फिरवत होता. त्याची बोटे सारखी टेबलाच्या कडेवर वाजत होती, अंगठा, करंगळी, पुन्हा अंगठा. माझा असा समज होता की खोटे बोलणाऱ्याचे हात स्वस्थ राहत नाहीत. बोटे वाजवणे हा त्या माणसाचा धंदाच आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी उठे, व्हरांड्यात चक्कर मारून येई आणि तोच प्रश्न पुन्हा टाकी.

शेवटी वैतागून म्हणालो, “एवढा जीव आहे नावावर, तर ठेवलं तरी कोणी ते?”

बोटे थांबली.

“त्यानं नाही ठेवलं,” तो म्हणाला. “मीबी नाही ठेवलं.”

“मग नोटीस कशाला पाठवली?”

“त्यानं कव्हरवर छापलं, का नाव अन् कल्पना त्याचीच. मले राग आला. मंग मीबी खोटंच बोललो.”

नाव ठेवले होते त्यांच्या गिटारवाल्याने. उमरेडकडच्या विणकर घरातला मुलगा. त्याचे वडील मागावर बसत आणि हा धोट्याच्या खटखटीवर चाल बांधी. एका कार्यक्रमाहून परतताना मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. त्यानंतर बँड फुटला.

“त्याच्याकडे खोलीची चावी होती?”

ड्रमर खिडकीकडे पाहत राहिला. मला ते पुरले. मेलेल्या माणसाची चावी कोणी मोजलीच नव्हती.

“घरी कोण आहे त्याच्या?”

“साहेब, मले घरी जाऊ द्या,” एवढेच तो बोलला.

चौकशीत कळले, गिटारवाल्याची थोरली बहीण नागपुरातच एका कार्यालयात कारकून होती. महिला शिपायाला बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले, कपाटातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली डिस्क आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

“मीच नेली. भावाची चावी होती माह्याजवळ.”

“काय करणार होता हिचं?”

“काही नाही. हे लावायचं मशीनबी नाही माह्याजवळ.” तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र पदर पिळत होते. “भावाची कॅसेट मागाले तो गाणारा आला होता. म्हणे ताई, त्याची गिटार शेवटच्या गाण्यात घेतो. मी दिली. मंग मोबाईलवर कव्हर पाहिलं, तर भावाचं नावच नाही. दोनदा फोन केला. म्हणे आता छापून झालं. ते दोघं नावासाठी भांडून राहिले साहेब, अन् ज्यानं ठेवलं त्याले कोणी मोजूनच नाही राहिलं.”

थोड्या वेळाने तिने विचारले, “माही नोकरी जाईन का?”

चोरी ती चोरीच. जप्ती पंचनामा केला, जबाब घेतला, नोटीस दिली. गायकाला ठाण्यात बोलावले तेव्हा तो आधी भडकला, मग तिचा जबाब वाचून खाली बसला. पुढे त्यानेच न्यायालयात तडजोडीचा अर्ज दिला आणि प्रकरण मिटले. तिची नोकरी राहिली. अल्बम काही आठवडे उशिरा निघाला, ‘धोटा’ याच नावाने, आणि कव्हरवर सर्वांत वर त्या गिटारवाल्याचे नाव होते. प्रकाशनाला ड्रमरही वाजवायला बसला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शाळेने ड्रमरला बोलावणे बंद केले. मी स्वतः मुख्याध्यापकांना भेटलो, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे लेखी दिले. ते म्हणाले, “तुमचं पत्र मी ठेवतो. पण पोलीस त्याला घेऊन गेले, एवढंच पालकांच्या लक्षात आहे.” माझी बदली झाली, मग निवृत्ती. ते काम त्याला परत मिळाले नाही.

निवृत्तीनंतर एका दुपारी मी सीताबर्डीला त्याच्या ठेल्यावर गेलो. माफी मागायची सवय आम्हा लोकांना नसते. कशीबशी मागितली. त्याने स्टूल पुढे सरकवले.

“साहेब, चार तास तुमी मले एकच विचारलं, डिस्क कुठं आहे. कोणी नेली असन, असं एकदाबी नाही विचारलं.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं?”

“नाही,” तो म्हणाला. “पण तुमाले समजलं असतं, का मी चोर नाही, मी कोणाले तरी वाचवून राहिलो.”