तांबडीचं नाव न घेणारा इल्हामी

इल्हामीला पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, हा बँडचं सामान वाहून नेणारा माणूस असावा. बोलणं जेवढ्यास तेवढं, मनगटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, आणि हिवाळाभर अंगात तोच राखाडी स्वेटर. दिवसा तो तुर्कस्तानातल्या आमच्या एस्कीशेहिरच्या रेल्वे कारखान्यात डब्यांचे सांगाडे जोडायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन ड्रम बडवायचा. बडवायचा हा शब्द माझा, ओक्तायला तो चालत नाही. ओक्ताय म्हणतो, इल्हामी म्हणजे झाडाचं खोड, आपण दोघं नुसती पानं. ओक्ताय हायस्कूलमध्ये साहित्य शिकवतो, त्यामुळे त्याला असं बोलायची खोड आहे.

बँडचं नावही त्याचंच, दोकुझ दाल, म्हणजे नऊ फांद्या. आमच्या पूर्वजांच्या गोष्टींत जगाच्या मधोमध नऊ फांद्यांचं एक झाड आहे आणि शामान, म्हणजे त्या काळचे भगत, ढोल वाजवत त्यावर चढत. ओक्ताय गायचा आणि विजेवरचा साझ, म्हणजे आमचं लांब दांडीचं तंतुवाद्य, वाजवायचा, माझ्याकडे बास गिटार. माझं औषधांचं दुकान आहे. तालीम त्याच दुकानाच्या तळघरात व्हायची, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये. ओक्ताय डोळे मिटून आभाळातल्या देवाला हाक मारायला लागला की वरून माझी बायको म्युझेय्येन ओरडायची, "अहो, गिऱ्हाईक आलंय, जरा थांबवा ते." देव थांबायचा.

आमचं एकेक गाणं दहा-बारा मिनिटांच्या खाली कधी यायचं नाही, आणि ऐकायला येणारे बहुतेक आमचे नातेवाईक असायचे. मध्येच उठून गेलं तर बरं दिसणार नाही, म्हणून ते बसून राहायचे. सगळ्यांत मोठं गाणं वीस मिनिटांच्याही वर जायचं. त्याचं नाव आल्कारसी.

आल्कारसी म्हणजे तांबडी बया. बाळंतिणीच्या खोलीत शिरते आणि आईचं नाहीतर बाळाचं काळीज काढून नेते. म्हणून आमच्याकडे पहिले चाळीस दिवस आई आणि बाळ यांना एकटं सोडत नाहीत. आईच्या कपाळावर लाल फीत बांधतात आणि उशीखाली कात्री, सुई, काहीतरी लोखंडी ठेवतात, कारण तांबडी लोखंडाला घाबरते. त्या दिवसांत घरात तिचं नाव काढत नाहीत. आमच्या गाण्यात ओक्ताय तिला तीन वेळा बेंबीच्या देठापासून हाक मारायचा आणि प्रत्येक हाकेनंतर इल्हामी साखळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा घालायचा. ऐकणाऱ्याचे दात हलत. लोक तिला हाकलायला लोखंड वाजवतात, आम्ही बोलवायला वाजवत होतो. ऐकायला भारी वाटतं, एवढंच कारण होतं.

त्या गाण्याचा एक कार्यक्रम गावच्या रेडिओवर थेट लागला होता. इल्हामीला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती, तिचे चाळीस दिवस व्हायचे होते. आम्ही वाजवत होतो त्याच संध्याकाळी ती पोर घरी पाळण्यातच दगावली.

काळजात जन्मापासून दोष होता, असं डॉक्टर म्हणाले. कागद मी स्वतः वाचले. कोणी काही करू शकलं असतं असं त्यात कुठेच नव्हतं, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटलो. पण अशा वेळी औषधवाल्याचं कोण ऐकतं?

दफन झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलेलं होतं. ओक्ताय आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. इल्हामी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बोलावलं तिला. नाव घेतलं, लोखंड वाजवलं. माझ्यामुळे गेली पोर."

ओक्तायचं तोंड पांढरंफटक पडलं. मला इल्हामीचा राग आला आणि दयाही आली. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी मनाशी म्हटलं. पण त्याच्या सासूने, हमियेत मावशीने, ते वाक्य जे उचललं ते उचललंच. तेव्हापासून तिने जावयाच्या हातात चहा दिला नाही. ग्लास टेबलाच्या कडेला ठेवायची आणि भिंतीला सांगायची, "चहा आहे." चौदा वर्षं. इल्हामी तो चहा पिऊन टाकायचा, मग तिच्या घरचा बंब दुरुस्त करून द्यायचा, तिचा कोळसा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा. परत निघताना म्हणायचा, "येतो आई." भिंतीकडून उत्तर यायचं नाही.

आम्हाला त्याने एवढंच सांगितलं की ते गाणं यापुढे वाजवायचं नाही. बाकीची सगळी तो वाजवत राहिला, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा चांगली. आम्ही कधी कारण विचारलं नाही. मला वाटायचं, कारण मला ठाऊक आहे.

यंदाच्या वसंतात दोन गोष्टी एकदम घडल्या. त्याची बायको नूरजिहान हिला चाळिशी ओलांडल्यावर मुलगा झाला. आणि त्याच सुमारास कोणीतरी रेडिओवरून टेप केलेलं आमचं ते जुनं गाणं इंटरनेटवर चढवलं. का कुणास ठाऊक, पण पोरं ते ऐकायला लागली. इझमीरची, अंकाराची, थेट फिनलंडची. अंकाराच्या मोठ्या महोत्सवातून ओक्तायला फोन आला. या, पण ते गाणं वाजवायचं, दुसरं काही नको.

ओक्ताय दुकानात आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. माझेही नव्हते, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर मावसभावांपुढे वाजवल्यावर असा फोन आला की माणूस पाघळतोच. तारीख बाळाच्या चाळीस दिवसांत पडत होती, हे आम्हाला दिसत होतं. पण आता मूल झालंय, धडधाकट आहे, जुनी जखम भरली असेल, असं आम्ही एकमेकांना पटवलं.

बाळ बघायला म्हणून आम्ही दोघं गेलो. बाळंतपणाचं लाल सरबत आलं, लवंग-दालचिनीचं. नूरजिहान पलंगावर उशांना टेकून बसली होती, कपाळावर लाल फीत, मांडीवर मुलगा. या वेळी उशीखाली कात्री नव्हती, इल्हामीचा हातोडा होता, त्याचा दांडा बाहेर डोकावत होता. दाराशी खुर्ची टाकून हमियेत मावशी विणत बसली होती.

ओक्तायला दम कुठला. सरबत अर्धं व्हायच्या आत त्याने विषय काढला. "इल्हामी, अंकारावाल्यांना तेच हवंय."

"नाही जमायचं," इल्हामी म्हणाला.

"ऐकून तरी घे. अरे, दहा हजार माणसं असतात तिथे."

"ऐकलं. नाही जमायचं."

मावशीच्या सुया थांबल्या. "काय हवंय त्यांना?"

ओक्तायने सरबताच्या ग्लासात डोकं घातलं, त्यावरून तिला कळलं. "परत बोलवायचीय वाटतं तिला," ती भिंतीला म्हणाली. "एकदा बोलावून पोट भरलं नाही यांचं."

माझी जीभ अशा वेळी आवरत नाही. "मावशी, काळजाचा दोष होता तो. कागदावर आहे. गाण्याचा काही संबंध नव्हता, याचाही नव्हता. चौदा वर्षं तुम्ही या माणसाला उगाच…"

इल्हामी उठला. "चल, बाहेर. सिगरेट ओढायचीय मला."

त्याने सिगरेट सोडून जमाना झाला होता. जिन्यात आल्यावर त्याने घराचं दार ओढून घेतलं आणि माझ्या कोटाची कॉलर धरली. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर हात टाकलेला तो एकदाच.

"नूरजिहानसमोर बोलतोस? डोकं ठिकाणावर आहे?"

"खरं तेच बोललो."

"खरं मला माहितीय. डॉक्टरांना तुझ्याआधी मी भेटलो होतो."

"मग हे तांबडीचं सोंग कशाला घेऊन बसलायस?"

त्याने कॉलर सोडली आणि पायरीवर बसला. मीही बसलो. मग त्याने सांगितलं, नेहमीसारखं तुटक तुटक, मध्ये थांबत.

त्या संध्याकाळी मावशी पाव आणायला खाली गेली होती. रेडिओ स्वयंपाकघरात होता. आमचं गाणं सुरू झालं तेव्हा बाळ झोपलं होतं. आवाजाने उठू नये म्हणून नूरजिहानने खोलीचं दार लावलं आणि स्वयंपाकघरात बसून गाणं संपेपर्यंत ऐकलं. उशीखालची कात्री तिने आदल्याच दिवशी हसून काढून टाकली होती. गाणं संपल्यावर तिने दार उघडलं.

"तीन दिवस ती एकच वाक्य म्हणत होती," इल्हामी म्हणाला. "मी दार लावलं. मी दार लावलं. जेवेना, झोपेना. डॉक्टर येऊन सांगून गेले, तू ओरडून ओरडून सांगितलंस. ऐकलं तिने? नाही ऐकलं. मग म्हटलं, डॉक्टरचं ऐकत नाही, तांबडीचं ऐकेल."

"म्हणून तू अंगावर घेतलंस."

"त्या दिवशी ती रडली. खूप रडली, मला नको नको ते बोलली, आणि संध्याकाळी थोडं सूप प्यायली."

खालच्या मजल्यावर कोणीतरी कांदा परतत होतं, त्याचा वास जिन्यातून वर येत होता.

"आता मी अंकाराला गेलो," तो म्हणाला, "घरात एवढंसं पोर असताना तिचं नाव घेऊन लोखंड वाजवून आलो, तर नूरजिहानला काय कळेल? हेच, की हा तांबडीला कधी मानतच नव्हता. मग राहिलं काय? ते दार राहिलं."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्याकडे पाया पडत नाहीत, वडीलधाऱ्याचा हात ओठांना आणि कपाळाला लावतात, आणि तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, बस्स. तो म्हणाला, "ओक्तायला सांगू नकोस. तो त्याच्यावर गाणं लिहील."

ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

मी सांगितलं नाही. मग ओक्तायने जो तमाशा केला तो मला एकट्याला झेलावा लागला. म्हणे इल्हामी गावठी, अडाणी, वेल्डर तो वेल्डरच, वीस वर्षं माझ्या शेजारी बसून काही शिकला नाही, भुताखेतांवर विश्वास ठेवतो. हे कोण बोलत होतं, तर दर शनिवारी माझ्या तळघरात पाताळाच्या राजाला हाका मारणारा माणूस. देव गाण्यात हवेत, घरात नकोत, असा त्याचा हिशेब. मी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, "जाऊ दे, त्याची श्रद्धा आहे." हे शब्द माझ्या तोंडून! ओक्तायने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तांबडी आहे. महोत्सवात आमच्या जागी दुसरा बँड वाजवून आला. आमचा साझ बरेच दिवस भिंतीला टेकून तसाच उभा होता.

चाळीस दिवस पुरे झाले. बायकांनी चाळीस खडे टाकलेल्या पाण्याने आई-बाळाला न्हाऊ घातलं. त्यानंतर आई बाळाला घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडते आणि जवळच्या माणसांकडे जाते, म्हणजे त्या चाळीस दिवसांचं भय उडून जातं. नूरजिहान पहिली आमच्याकडे आली. म्हणाली, "इल्हामीने सांगितलं, आधी तुमच्याकडे जा."

मुलगा बापासारखा होता, गंभीर, कशाचीच घाई नसलेला. म्युझेय्येनने त्याच्या गालावर रीतीप्रमाणे पीठ लावलं आणि त्याला द्यायचं अंडं आणायला आत गेली. नूरजिहान माझ्याकडे वळली.

"दादा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार ना."

"अंकाराचं मला कळलं. तुम्हा तिघांचं किती वर्षांचं स्वप्न होतं, तेही कळतं मला."

"अगं, ओक्तायची फुशारकी सगळी. तिथे डास फार असतात."

ती हसली नाही. "इल्हामी तुमच्याशी बोलतो. माझ्याशी या बाबतीत तो कधीच बोलला नाही. खरंच मानतो का तो? तांबडीला?"

मी औषधं विकणारा माणूस. गळ्यात ताईत बांधून येणाऱ्यांना ताईत राहू दे पण गोळी घे, असं सांगत माझे केस पांढरे झाले. हीच गोष्ट पूर्वी कोणी विचारली असती तर मी तासभर व्याख्यान दिलं असतं. आतून म्युझेय्येनने कपाट उघडल्याचा आवाज आला.

"मानतो," मी म्हटलं. "आमच्यात खरा मानणारा तो एकटाच. ओक्ताय नुसता गातो, मला तर काहीच कळत नाही. पण इल्हामी मानतो, अगदी मनापासून. जिन्यात माझी कॉलर धरून सांगितलं त्याने."

नूरजिहानने डोळे मिटले. बाळाच्या डोक्यावरचा तिचा हात थोडा सैल झाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला भीती वाटायची, की त्या दिवशी तो फक्त माझ्यासाठी तसं बोलला असेल."