चव्वेचाळिसावी रांग

आई माझ्याकडे ॲन आर्बरला आली ती २००५ च्या मे महिन्यात, आणि आठव्याच दिवशी तिने जाहीर केलं की तिला कंटाळा आलाय. तिचंही चूक नव्हतं. मी सकाळी आठला ऑफिसला जायचे ती संध्याकाळी सहाला परत. आईने नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलेलं. खो-खोच्या टीम घेऊन ती सगळा विदर्भ फिरली होती. अशा बाईला कार्पेट घातलेल्या दोन खोल्यांत दिवसभर बसवून ठेवलं, तर ती भिंतीशी भांडेल.

"इथे माणसं राहतात कुठे?" ती म्हणाली. "मैदानं एवढी मोठी मोठी, आणि त्यावर चिटपाखरू नाही."

तिला माणूस सापडलं ते आमच्या खालच्याच मजल्यावर. रविवारी दुपारी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर घराला कुलूप नाही, आई नाही, आणि खालच्या घरातून घोंघावल्यासारखा आवाज येतोय. दार उघडंच होतं. आत सोफ्यावर आमची शेजारीण आणि आई शेजारी शेजारी बसून टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघत होत्या. मध्ये आईने नागपूरहून आणलेल्या चिवड्याची प्लेट.

शेजारीण सत्तरीची होती. आयुष्यभर कारच्या कारखान्यात गाड्यांना दारं बसवायचं काम केलेली, उंच, हाडापेराने मजबूत. पण कमरेच्या उजव्या सांध्याचं ऑपरेशन झाल्यापासून लंगडत चालायची. माझी आणि तिची ओळख "हाय, कोल्ड टुडे" एवढीच होती. आईने ती तासाभरात माझ्या तीन वर्षांच्या पुढे नेली होती.

"ही पिवळी गाडी बघ," आई मला म्हणाली. "मघापासून दुसऱ्या नंबरवर आहे. मुद्दाम मागे राहिली आहे. त्या पहिलीच्या मागे लपून वारा चुकवते आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय नं."

मी हे शेजारणीला इंग्रजीत सांगितलं. तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि आईकडे नीट वळून बघितलं. "तुझ्या आईने याआधी कधी रेस बघितली आहे?"

"कधीच नाही. ती स्पोर्ट्स टीचर होती."

"कोच!" शेजारीण म्हणाली. त्या दिवसापासून आईचं तेच नाव पडलं.

जूनमध्ये आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर मोठी शर्यत असायची. दोन मैलांचा लांबट गोल ट्रॅक आणि त्याला दोनशे फेऱ्या. शेजारीण म्हणाली, जा, कोचला घेऊन जा, टीव्हीवर दहा टक्केसुद्धा कळत नाही. मी उत्साहाने म्हटलं की मग अगदी पुढच्या रांगेची तिकिटं काढते. ट्रॅकला चिकटून.

ती इतकी दचकली की मला वाटलं तिची कंबर दुखली.

"हनी, पुढच्या रांगेत बसून तुला काय दिसेल? जाळी दिसेल. जाळीमागून रंगाचा एक फटकारा जाईल, मग तुझ्या तोंडावर टायरच्या रबराचे तुकडे येतील, आणि पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते तुला कोणीतरी घरी येऊन सांगेल."

मग तिने ड्रॉवरमधून स्टेडियमचा जुना नकाशा काढला. घड्या पडून पडून त्याची चार पानं सुटी झाली होती. ती टेबलावर जुळवून तिने आम्हाला शिकवायला सुरुवात केली. बसायचं ते उंच. चाळिसाव्या रांगेच्या वर, म्हणजे ट्रॅकच्या मधल्या मैदानात उभे असलेले ट्रक आणि तंबू आड येत नाहीत. अगदी मधोमध, फिनिश लाइनसमोर बसायचं नाही. तिथे गाड्या सर्वात वेगात असतात, डोळ्यांना काही टिपता येत नाही. चौथ्या वळणाच्या तोंडाशी बसायचं. वळणातून गाड्या सुटताना दिसतात, कोण आत शिरलं, कोण घसरलं ते कळतं, आणि पिटमध्ये, म्हणजे गाड्या पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला जिथे शिरतात तिथे, कोण वळतंय तेही आपल्याला आधी कळतं.

आई नकाशावर वाकून बोट फिरवत होती. "दुपारी तीन वाजता ऊन कुठून येईल?"

मी भाषांतर केलं. शेजारणीने टेबलावर थाप मारली. "हा प्रश्न माझ्या नवऱ्याने लग्नानंतर वीस वर्षांनी विचारला!" ऊन पाठीवर येणार होतं. आईचं समाधान झालं.

"मग तुम्ही कुठे बसता?" आईने विचारलं.

शेजारीण पानं गोळा करायला लागली. ती बसत नव्हती. ऑपरेशननंतर तिला तेवढ्या पायऱ्या चढवत नव्हत्या. खाली बसून बघायची तिची तयारी नव्हती, म्हणून तिने जाणंच सोडलं होतं. चार वर्षं ती सोफ्यावरून रेस बघत होती.

मी हे आईला सांगितलं. आईने विचारलं, "रेसला किती दिवस आहेत?"

"तीन आठवडे."

"पुष्कळ झाले. तिला सांग, उद्या सकाळी सहाला बूट घालून तयार राहायचं."

मला वाटलं शेजारीण हसून सोडून देईल. ती म्हणाली, "साडेसहा."

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एका हायस्कूलचं फुटबॉलचं मैदान होतं, त्याच्या कडेला ॲल्युमिनियमच्या बाकांची पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी. पहिल्या दिवशी मीही गेले, दुभाषी म्हणून. शेजारीण कठडा धरून आठ पायऱ्या चढली आणि नववीवर थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईने मात्र चेहऱ्याकडे बघितलंच नाही, ती पावलांकडे बघत होती.

"चुकीचा पाय आधी टाकते आहे," आई म्हणाली. "शाळेत मुलीचा पाय मुरगळला की मी पहिलं हेच शिकवायची. वर चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी. तिला सांग."

मी सांगितलं. शेजारीण उलटसुलट पावलं टाकून बघत राहिली. मग ती दोन पायऱ्या चढली, दोन उतरली, पुन्हा चढली. "डॉक्टरने हे सांगितलं होतं बहुतेक," ती म्हणाली. "पण माझ्यावर ओरडला नव्हता."

त्यानंतर मला ऑफिस होतं, त्या दोघी एकट्याच जायच्या. एकमेकींशी कशा बोलत असतील याची मला काळजी होती, पण आईला "अप", "डाउन", "नो स्टॉप" आणि "व्हेरी गुड" एवढं पुरत होतं. एकदा खिडकी उघडी असताना मी शिट्टी ऐकली. आईने नागपूरहून येताना शिट्टी बॅगेत टाकून आणली होती! का, असं विचारलं तर म्हणाली, "राहू देते, बापा, सोबत. सवय आहे."

संध्याकाळी घरी आले की आकडा कळायचा. चौदा. एकोणीस. सव्वीस. मी ऑफिसात बसून मधेच विचार करायचे, आज तीस झाले असतील का? माझ्या टीममधल्या पुण्याच्या मुलाला मी हे सांगितलं, तर तोही रोज लंचला विचारायला लागला, "यार, आज किती?"

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मात्र शेजारणीने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की फार दुखतंय, रेसला तुम्ही दोघी जा, माझा नाद सोडा. आईने ऐकून घेतलं. दुपारी ती मोहरीच्या तेलाची वाटी गरम करून खाली गेली आणि पाऊण तासाने वर आली. काय झालं, असं मी विचारल्यावर म्हणाली, "काही नाही. ती रडली, मी तेल लावलं. उद्या सुट्टी, परवा पुन्हा."

तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी कॉम्प्युटरवर प्रयत्न केला, पण ती वेबसाइट आपल्याच मनाने "बेस्ट अव्हेलेबल" म्हणून कुठल्यातरी जागा पुढे टाकायची. तीनदा तिने मला सोळावी रांग दिली. शेवटी शेजारणीने ट्रॅकच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडची बाई सांगत होती, चौथ्या वळणाजवळ कडेच्या तीन जागा एकत्र फक्त दोन ठिकाणी आहेत. अठराव्या रांगेत, नाहीतर चव्वेचाळिसाव्या.

शेजारणीने आईकडे बघितलं. आदल्या दिवशीचा आकडा तेहतीस होता.

"काय म्हणाली?" आईने विचारलं. मी सांगितलं.

आईने चार बोटं वर केली, मग पुन्हा चार.

"फॉर्टी-फोर," शेजारीण फोनमध्ये म्हणाली, आणि लगेच तिने डोळे मिटून घेतले.

रेसच्या दिवशी आम्ही सकाळी सातला निघालो. शेवटचे बारा मैल मुंगीच्या चालीने गेलो. शेतांमधून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना मक्याची कोवळी रोपं, आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत गाड्या. मैदानात गाडी लावली तेव्हा कोळशावर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास, झेंडे, घडीच्या खुर्च्या, आपापल्या ड्रायव्हरच्या रंगाचे टी-शर्ट. साडी नेसलेली एकच बाई होती, आणि तिने पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते.

गॅलरीच्या पायथ्याशी शेजारणीने मान वर करून बघितलं. "नाही जमायचं," ती हळूच म्हणाली.

"चांगला पाय," आई मराठीतच म्हणाली, आणि चढायला लागली.

दर दहा रांगांना थांबायचं असं ठरलं होतं. पहिल्या दहा सहज झाल्या. विसावीला शेजारणीने पाणी घेतलं. तिसावीच्या आधीच तिचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. आमच्या मागे जिना तुंबला. मी ओशाळून मागे वळून "सॉरी" म्हणणार, तेवढ्यात मोठी बर्फपेटी उचलून उभा असलेला एक दांडगा माणूस म्हणाला, "टेक युवर टाइम, मॅम. रेस एक वाजता आहे." पस्तिसाव्या रांगेपासून कडेला बसलेली माणसं आपण होऊन पाय आत घ्यायला लागली. आई पुढे उलटी उभी राहून, एक एक पायरी मागे सरकत, आकडे म्हणत होती. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीसला कोणीतरी आकड्याचा अर्थ ओळखला आणि इंग्रजीत तिच्याबरोबर म्हणाला. चव्वेचाळीस झाल्यावर सात-आठ अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेजारीण आमच्या बाकावर बसली, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हात काढले तेव्हा ती हसत होती.

मग मी समोर बघितलं. सगळा ट्रॅक एखाद्या ताटासारखा समोर मांडलेला. पलीकडची सरळ पट्टी, चारही वळणं, पिट, झाडांच्या रांगा. आई उभीच होती. "एवढं सगळं दिसतंय," ती म्हणाली, "आणि तू मला खाली बसवणार होतीस!"

चाळीसवर गाड्यांची इंजिनं एकदम सुरू झाली तेव्हा पायाखालचं ॲल्युमिनियम थरथरायला लागलं. हिरवा झेंडा पडला आणि तो सगळा घोळका चौथ्या वळणातून आमच्याकडे आला. कानात बोळे असूनही तो आवाज कानातून शिरलाच नाही, तो छातीतून शिरला. मी किंचाळत होते हे मला नंतर घसा बसल्यावर कळलं.

शेजारणीने भाड्याने हेडफोन घेतले होते; त्यात ड्रायव्हर आणि त्यांच्या टीमचं बोलणं ऐकू यायचं. ती ऐकायची, मला सांगायची, मी आईच्या कानाशी ओरडायचे. शेवटच्या वीस फेऱ्या उरल्या तेव्हा एक निळी गाडी पुष्कळ पुढे होती. तिने बाकीच्यांपेक्षा एकदा कमी पेट्रोल भरलं होतं. पुरेल की नाही, हे तिच्या टीमलाही ठाऊक नव्हतं.

"ती दमली आहे," आई अचानक म्हणाली.

"गाडी कशी दमेल आई?"

"वळणाच्या आधीच सोडून देते आहे बघ. मघाशी अशी नव्हती करत. पेट्रोल राखते आहे. दमलेली पोरगीसुद्धा खांबाजवळ अशीच पाय आखडते." मग तिने पिवळ्या गाडीकडे बोट दाखवलं. "आता ही येईल."

मी सांगितलं तशी शेजारणीने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "कोचला सांग, टीमसुद्धा ड्रायव्हरला हेच सांगते आहे. सेव्ह, सेव्ह."

शेवटची फेरी. खालच्या रांगा निळ्या गाडीसाठी उभ्या राहून नाचत होत्या. त्यांना पलीकडची बाजू दिसत नव्हती. आम्हाला दिसत होती. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना निळी गाडी एकदम हळू झाली, जणू कोणी मागून दोरी ओढली.

"गेली!" आई ओरडली.

"ही इज आउट!" शेजारीण ओरडली, आणि दुखरी कंबर विसरून उभी राहिली. पिवळी गाडी पलीकडच्या पट्टीवर झेपावत आली, तिसऱ्या वळणात निळीला बाहेरून टाकून पुढे गेली, आणि चौथ्या वळणातून, बरोबर आमच्यासमोर, एकटी बाहेर पडली. खालच्या माणसांना आत्ता कळलं, आणि सगळं स्टेडियम फुटलं. आई आणि शेजारीण एकमेकींच्या खांद्यांना धरून हलवत होत्या, दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि मी भाषांतर करायचं सोडून दिलं.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही तासभर वरच बसलो. उतरताना आई मागे राहिली, शेजारीण पुढे. दुखरा पाय आधी, कुणी न सांगता.

त्याच ट्रॅकवर ऑगस्टमध्ये पुन्हा शर्यत असायची, पण तिच्या आधी आई नागपूरला परत गेली होती. शेजारीण शर्यतीला गेली, माझ्या टीममधल्या पुण्याच्या मुलाला आणि त्याच्या रूममेटला घेऊन. मी ऑफिसच्या कामासाठी दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला होते. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला तर ती म्हणाली, "माहीत आहे मला सगळं. काल रात्री तिचाच फोन आला होता."

"काय बोललात तुम्ही?"

"मला काय कळतंय तिचं इंग्लिश," आई म्हणाली. "एवढं कळलं की एक्कावन्नाव्या रांगेत बसली होती."