चार डझन केळी आणि सहा नारळ

क्लासच्या मालकांविषयी आदर वाटावा, असा मी त्या दिवशी मनापासून प्रयत्न केला होता. नालासोपाऱ्यात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत त्यांचा क्लास चालायचा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं, शिकवायचं काम मिळालं तर तिसरं वर्ष कर, नाहीतर भुईगावची केळीची वाडी आहेच राबायला.

त्या कामासाठी माझा चाचणीचा तास नववीच्या वर्गावर होता. मालक टाय लावून शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी स्वतः छापलेल्या नोट्समधलं उदाहरण मला सोडवून दाखवायचं होतं. दोन डझन केळी आणि तीन नारळ अठ्ठेचाळीस रुपयांना. चार डझन केळी आणि सहा नारळ नव्वद रुपयांना. तर भाव काढा. हे उदाहरण मी थेट वसईच्या बाजारातून आणलंय, असं त्यांनी मुलांना ऐकवलं.

मी दोन समीकरणं मांडली आणि थांबले. पहिल्याची दुप्पट शहाण्णव होते. दुसरं नव्वद म्हणतं. दोन्हींत बसतील असे भावच नव्हते. नोट्समध्ये मात्र ऐटीत उत्तर छापलं होतं: केळी बारा, नारळ आठ. दुसऱ्या समीकरणात ते घालून पाहण्याची तसदी टायवाल्यांनी घेतली नव्हती.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मिस, दुप्पट घेतलं की कमी लावतात ना."

"भाजीवालीचं गणित घरी," मालक मागून म्हणाले. "इथे बीजगणित चाललंय."

वर्ग हसला. माझी आई वसईच्या बाजारात केळी-नारळच विकायची. दुप्पट घेणाऱ्याला ती पाच-सहा रुपये सोडायची, आणि किती सोडले ते तिला नेमकं ठाऊक असायचं. या माणसाला ते फळ्यावर लिहूनही दिसत नव्हतं. कोण जाणे, ते नव्वद त्यांना आईनेच सांगितले असतील. हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं आणि एवढंच म्हणाले, की सर, नव्वदच्या जागी बहुतेक शहाण्णव हवं होतं. शहाण्णवनेही एकच एक भाव निघाला नसता, पण निदान छापलेलं उत्तर बसलं असतं.

तास संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. नोट्स छापून झाल्या होत्या, पालकांपर्यंत पोचल्या होत्या.

"ताळा फक्त पहिल्या समीकरणात करून दाखवायचा. जमेल ना? मग सोमवारपासून या."

"जमेल, सर."

तिसरं वर्ष त्या उत्तरावर झालं. त्या माणसाचा तिरस्कार मी आजही करते. तो सोपा आहे. सोमवारी मी केळी बारा, नारळ आठ असं फळ्यावर लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत दुसरं समीकरण तपासलं, शहाण्णवखाली रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पुढचं उदाहरण घेतलं.