कुसुमची जागा

कुसुम शेवडे हिच्यावर अन्याय झाला, आणि तो मी केला. कधी? नवं राज्य झाल्यावरची पहिली संक्रांत गेली, तिच्या पुढच्या सोमवारी सकाळी, फ्रीगंजातल्या एका मुलींच्या शाळेच्या ऑफिसात. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशीही नाही.

मला ओळखणारे म्हणतील — ही? ‘लग्न झालं म्हणून बाईची नोकरी अडवू नका’ अशी पत्रकं रामघाटापर्यंत वाटत फिरणारी? सभेत टेबल आपटणारी? हो. तीच.

कुसुम आमच्या महिला मंडळातली. मास्तरकीचं ट्रेनिंग झालेली, शिकवण्यात पक्की. तिच्या नवऱ्याचं ऑफिस नव्या राजधानीत, भोपाळला हललं. तिथे बिऱ्हाडाला जागा मिळेना. या शाळेत नोकरी लागली तर ती इथेच आईकडे राहणार होती. नाही तर सासर — शाजापूरकडच्या खेड्यात, जिथे सुनेच्या हातात पुस्तक दिसलं तरी बोलणी बसत.

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी मंडळाचं वाचनालय उघडलं. मी हौसेने नारळ तिच्या हातात दिला. तिने तो हळूच परत केला. “ताई, तुम्हीच फोडा ना.” मी हट्टाला पेटले, तशी मंडळातल्या यमूमावशी करवादल्या, “अगं पागल, पोटुशी बाई नारळ फोडते का कुठे? पत्रकं एवढाली लिहितेस, आणि हे समजत नाही!” सगळ्या हसल्या. कुसुम लाजली. बायकांतली गोष्ट बायकांत राहील, असंच तिला वाटलं असणार. का वाटू नये?

सोमवारी निवड समितीत मी होते — स्त्रियांची प्रतिनिधी म्हणून! कुसुमने उत्तरं चोख दिली. तिलाच घ्यायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. ती बाहेर गेल्यावर सेक्रेटरी वकीलसाहेब माझ्याकडे वळले. “देखिए बहनजी, लड़की अच्छी है. पण साल के बीच में छुट्टी तर नाही ना मागणार? अर्थात, तुम्ही काय, बायकांचीच बाजू घेणार.”

कुणी धमकावलं होतं मला? नाही. माझी जागा जाणार होती? तीही नाही. मला त्या टेबलावर निःपक्षपाती दिसायचं होतं. बस, इतकंच. मी म्हणाले — तिला दिवस गेलेत.

जागा एका बिनलग्नाच्या मुलीला गेली. वकीलसाहेब म्हणाले, तुम्ही फार समंजस आहात. मला बरं वाटलं. हे वाक्य गाळावं असं फार वाटलं; गाळत नाही.

कुसुम घरी आली. “ताई, माझं काय चुकलं?” मी सांगितलं, तुझं हिंदी कच्चं पडलं. खोटं — तिचं हिंदी माझ्याहून साफ. तिने माझं व्याकरणाचं पुस्तक मागून घेतलं, आणि ते घेऊन सासरी गेली. त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

माफी मागत नाही. पण तुम्ही — उद्या तुम्हीही अशा टेबलाशी बसाल. कुणीतरी बाईच्या पोटाची चौकशी करील, आणि तुम्हाला ठाऊक असेल. सांगू नका. खरं असलं तरी सांगू नका.