वरच्या खोलीतलं एम.एड.

भाडेकरू खोली सोडून गेले की भिंतीला खिळे राहतात आणि घरमालकिणीकडे किस्से. खिळे मी उपटले, भोकांत चुना भरला. किस्से मात्र अजून निघायचं नाव घेत नाहीत. कुणी चहाला बसलं की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा.

दौंडला आमच्या घरावर एक खोली आहे. आमचे हे रेल्वेत, त्यामुळे ती खोली बहुतेक रेल्वेच्या माणसांनाच जायची. जवळच्या कॉलेजात एम.एड. सुरू झालं, त्या वर्षी मात्र तीन बायका राहायला आल्या. मांडवगण फराट्याच्या साळवेबाई, माझ्याच वयाच्या, शाळेतून रजा काढून आलेल्या. आल्या आल्या त्यांनी टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला आणि मग पिशव्या उघडल्या. दुसरी केंदूरची माधुरी, लग्न ठरायच्या आत शिकून घेऊ म्हणणारी. आणि तिसरी कवठे येमाईची सुनंदा. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती. शिरूरच्या एका डी.एड. कॉलेजात तिच्या नोकरीचं बोलणं झालं होतं, पण एम.एड. पूर्ण केलं तरच.

मी दहावीपर्यंत शिकलेली. शिकवणाऱ्यांनाही कुणीतरी शिकवावं लागतं, हे मला त्या तिघींमुळे कळलं.

*

विद्यार्थ्याने बरोबर केलं की लगेच शाबासकी द्यायची, असं त्यांच्या अभ्यासात होतं. साळवेबाई त्याला 'प्रबलन' म्हणायच्या. ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं की बाजारातसुद्धा सुटेना.

एकदा आम्ही दोघी भाजीला गेलो. म्हाताऱ्या भाजीवाल्याने तराजू सरळ धरला. बाई म्हणाल्या, “छान.” त्याने टोमॅटो घातले. “अगदी बरोबर.” त्याने वरून एक जास्तीचा टाकला. “वा, उत्तम! असाच प्रयत्न चालू ठेवायचा.”

म्हाताऱ्याने तराजू खाली ठेवला आणि हात जोडले. “बाई, उभा जन्म ह्यो तराजू धरलाय. आता तरी पास करा की.”

*

माधुरीची तऱ्हा वेगळी. धड्याचा विषय सरळ सांगायचा नसतो म्हणे. प्रश्न विचारत विचारत तो मुलांच्याच तोंडून काढून घ्यायचा असतो. तिचा दुसऱ्या दिवशी पाठ होता आणि ती सकाळपासून त्याच तंद्रीत होती.

मी पोळ्या लाटत होते. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. विचारलं, “काकू, आपण पाणी कशाकशात साठवतो?”

मी म्हटलं, हंड्यात. आणखी कशात? पिंपात. आणि गच्चीवर? टाकीत.

“टाकी भरली आणि मोटर चालूच राहिली, तर काय होईल?”

मी उत्तर द्यायच्या आतच खिडकीसमोरून धो धो पाणी पडायला लागलं. अंगणात बाजेवर माझ्या शेवया वाळत होत्या. त्या बघता बघता परत पिठाच्या वाटेला लागल्या. मी मोटर बंद करायला पळाले, आणि मागून माधुरीचा शांत आवाज आला, “तर आज आपण वाहणाऱ्या टाकीची माहिती घेणार आहोत.”

*

माधुरीचा प्रबंध नोकरीतल्या समाधानावर होता. एकेक विधान वाचायचं आणि समोरच्याने पाचांतलं एक उत्तर द्यायचं: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. शाळाशाळांत जाण्याआधी तालीम म्हणून तिने ह्यांना धरलं. हे नुकतेच ड्यूटीवरून आलेले.

वरिष्ठ माझं ऐकून घेतात. तटस्थ. मला कामावर मान मिळतो. तटस्थ. शेवटपर्यंत हेच. माधुरी रडकुंडीला आली. म्हणाली, “काका, एकदा तरी कुठली बाजू घ्या ना.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीत झोपलेल्या सासूबाईंच्या दाराकडे बघितलं. म्हणाले, “पोरी, वीस वर्षं संसार असाच केलाय.”

*

सुनंदाचे सासरे, आबा, एकदा अचानक आले. पटका, काठी, खांद्यावर घोंगडी. सून कुठं राहते, काय खाते, ते बघायला आले होते. त्या घरात आबांचा शब्द शेवटचा. त्यांनी सुनेला शिकायला एकच वर्ष दिलं होतं, आणि ते त्यांनी मलाही बजावून सांगितलं.

“एक वरीस, बाई. त्याच्या म्होरं एक दिस न्हाई.”

चहा झाल्यावर म्हणाले, हे एम.एड. काय असतंय ते मला कुणी नीट सांगतच न्हाई. सुनंदा पदर सावरून समोर बसली. डी.एड.वाले लहान पोरांना शिकवतात, बी.एड.वाले मोठ्या पोरांना, आणि एम.एड.वाले त्या शिकवणाऱ्यांना शिकवतात, असं तिने सांगितलं.

आबांनी मान हलवली. “आन् त्या एम.एड.वाल्याला कोन शिकिवतं?”

“पीएच.डी. झालेले, आबा.”

आबा काठी टेकवत उठले. “बास. हितंच थांबायचं. ही वाट कुठं संपायची न्हाई.”

*

सुनंदाचा प्रबंध म्हणजे एक प्रयोग होता. पाचवीच्या दोन तुकड्या घ्यायच्या. अ तुकडीला अपूर्णांक खेळातून शिकवायचे, पुठ्ठ्याच्या भाकरीचे तुकडे करून. ब तुकडीला नेहमीसारखे, फळ्यावर. शेवटी दोन्ही तुकड्यांची एकच परीक्षा. अ तुकडी पुढे गेली तर पद्धत चांगली म्हणायची. पुठ्ठ्याच्या भाकरी कापायला मीही बसले होते. माझ्या जरा वाकड्या झाल्या, पण सुनंदा म्हणाली, खऱ्या अशाच असतात.

तिने स्वतःच्या गावची शाळा धरली आणि प्रयोग संपेपर्यंत सासरी राहायला गेली. अधूनमधून शेजारच्या दुकानातल्या फोनवर बोलायची. एकदा फार खुशीत होती.

“काकू, आबांना माझ्या अभ्यासाची गोडी लागली. रोज मधल्या सुट्टीत शाळेत येतात. त्यांची नात, आमची मनी, अ तुकडीत आहे ना, तिला भाकरी घेऊन. माझं शिकवणंसुद्धा खिडकीतून बघतात.”

मलाही बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा वळला.

मग परीक्षा झाली, आणि सुनंदा दौंडला आली ती थेट जिन्यात बसली. दोन्ही तुकड्या सारख्याच! फळ्यावर शिकलेल्या ब तुकडीतली पोरंही पाव आणि पाऊण घडाघडा सांगत होती. कसं जमलं म्हणून तिने एकाला विचारलं, तर तो म्हणाला, आबांनी शिकवलं, शाळेमागच्या लिंबाखाली.

आबा भाकरी आणत होते ती एकट्या मनीला नव्हती. चवड आणत होते. ब तुकडीची पोरं गोळा करून बसवायचे, मनीला अ तुकडीतला खेळ मांडायला लावायचे आणि स्वतः भाकरी मोडून वाटायचे. अर्धी कुणाची, पाव कुणाची, बरोबर सांगेल त्याने खायची.

सुनंदाने घरी जाब विचारला, तेव्हा आबा उलट तिलाच बोलले. “एका वाड्यातली निम्मी मेंढरं चारायची आन् निम्मी उपाशी बांधायची? कुन्या पुस्तकात लिवलंय ह्ये?”

गाईड सरांनी सांगितलं, हा प्रयोग धरता येणार नाही. दुसरी शाळा घ्या, नव्याने करा, म्हणजे पुढच्या वर्षी. साळवेबाई आणि माधुरी दोघींचे प्रबंध बांधून आले होते. सुनंदाला घरून वर्ष एकच मिळालेलं, आणि ते संपलं होतं. शिरूरची नोकरीही त्यावरच. साळवेबाईंना पहिल्यांदाच शाबासकीचा शब्द सुचेना. सुनंदाने ट्रंक भरली आणि गावी गेली. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

आठवड्याने सकाळी फाटक वाजलं. बघते तर सुनंदाची ट्रंक, आणि ट्रंकेखाली आबा. मागून सुनंदा, खाली मान घालून, पण ओठ दाबलेले, हसू आवरताना दाबतात तसे.

आबांनी ट्रंक ओट्यावर उतरवली. पटक्याने तोंड पुसलं. पाणी प्यायले. मग म्हणाले, “बाई, खोली आजून एक वरीस ठिवा.”

मी किल्ली आणायला वळले, तर मागून हाक आली.

“आन् सूनबाईला तुमीबी सांगा. ह्या बारीला साळा लांबची बघ म्हनावं. चालत जाता येईल आशी आसली, तर मला न्हाई राहवायचं.”